कारागिराचा माल आणि समाजमाध्यमांचा बाजार

माल तयार करणे ही एक विद्या आहे आणि तो विकणे ही दुसरी. पहिली विद्या महाराष्ट्रातील कारागिरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दुसरी मात्र बहुतांशी व्यापारी, अडते व दुकानदार यांच्या हाती राहिली. आठवडी बाजार, जत्रा आणि गावोगावची ओळख एवढीच कारागिराची स्वतःची बाजारपेठ असे. त्यापलीकडच्या गिऱ्हाईकापर्यंत त्याचा माल जाई, पण त्याचे नाव जात नसे. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, या अर्थाची म्हण आपल्याकडे रूढ आहे. ती या स्थितीचे नेमके वर्णन करते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मोबाइल फोन व समाजमाध्यमे यांनी ही स्थिती बदलण्याची शक्यता निर्माण केली आहे. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक आणि यूट्यूब ही साधने खेड्यातील कारागिराच्याही हाताशी आली आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या देयक-पद्धतीमुळे दूरच्या ग्राहकाकडून पैसे तत्काळ मिळू लागले. त्यामुळे "आपला माल मोबाइलवर टाका, आपोआप खपेल" असा उपदेश प्रशिक्षण-वर्गांतून वारंवार ऐकू येतो. हा उपदेश अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग न समजल्यामुळे अनेक बचतगटांनी व कारागिरांनी उत्साहाने उघडलेली खाती काही महिन्यांतच ओस पडतात. प्रस्तुत लेखात कोल्हापुरी चपलेच्या उदाहरणाच्या आधारे या विषयाचा क्रमाने विचार केला आहे. मसाले, गोधडी, काजू, आंबा वा पैठणी यांच्या बाबतीतही त्यातील तत्त्वे थोड्याफार फरकाने लागू पडतील.

उदाहरणाची पार्श्वभूमी

कोल्हापुरी चपलेचे वैशिष्ट्य तिच्या घडणीत आहे. बाभळीची साल, हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे, हाताने केलेली कापणी, चामड्याच्या वादीने वा दोऱ्याने घातलेली शिवण आणि खिळ्यांचा अभाव ही तिची परंपरागत लक्षणे होत. अंगठा, पट्टा, कान आणि वेणी या तिच्या भागांतील फरकांनुसार कापशी, पायताण, कचकडी, बक्कलनाळी, पुकरी असे प्रकार ओळखले जातात. या कामात संपूर्ण कुटुंब गुंतलेले असते. वेणी विणणे, शिवणे यांसारखी कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात या व्यवसायाला उत्तेजन दिले होते, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील त्याच स्वरूपाचे महामंडळ यांनी संयुक्तपणे हे मानांकन मिळविले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना लागू आहे. या जिल्ह्यांबाहेर तयार झालेली किंवा कृत्रिम चामड्याची यंत्रावर काढलेली चप्पल आकाराने कितीही सारखी असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती 'कोल्हापुरी' ठरत नाही. बाजारात मात्र अशी चप्पल त्याच नावाने व कितीतरी कमी किमतीत विकली जाते. अस्सल माल घडविणाऱ्या कारागिरापुढील खरी अडचण हीच आहे. ग्राहक 'कोल्हापुरी' हे नाव जाणतो, परंतु अस्सल व नक्कल यांतील फरक जाणत नाही. फरक न कळल्यामुळे तो केवळ किंमत पाहतो, आणि किमतीच्या स्पर्धेत हातकाम नेहमीच हरते.

२०२५ सालचा धडा

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान येथे प्राडा या प्रसिद्ध फॅशन संस्थेने पुरुषांच्या वस्त्रप्रावरणांचे प्रदर्शन भरविले. त्यात कोल्हापुरी चपलेशी स्पष्ट साम्य असलेली पादत्राणे दाखविण्यात आली. प्रारंभी त्यांच्या मूळ स्थानाचा उल्लेख नव्हता. ही छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरताच भारतातून टीकेची मोठी लाट उठली. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चर या व्यापारी संघटनेने त्या संस्थेला पत्र लिहिले. आपल्या रचनेमागे भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांची प्रेरणा असल्याचे संस्थेने मान्य केले. जुलै महिन्यात तिचे प्रतिनिधी कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेले. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र व कर्नाटकच्या वरील दोन्ही महामंडळांशी सामंजस्य करार केला.

या घटनेकडे अस्मितेच्या दृष्टीने पाहिले गेले ते स्वाभाविकच होते. विपणनाच्या विद्यार्थ्याला मात्र तीत आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, कोणताही जाहिरात-खर्च न करता एका ग्रामीण वस्तूचे नाव काही दिवसांत जगभर पोहोचू शकते. दुसरी अधिक महत्त्वाची आहे. त्या दिवसांत ज्या ग्राहकाच्या मनात अस्सल कोल्हापुरी विकत घेण्याची इच्छा उत्पन्न झाली, त्याने मोबाइलवर शोध घेतला तेव्हा त्याच्यासमोर कोण आले? ज्या कारागिराची किंवा दुकानाची नीट मांडणी आधीपासून तयार होती, तोच समोर येऊ शकत होता. ज्याच्या मालाचे छायाचित्र, भाव, माप आणि संपर्क कोठेच नव्हते, त्याच्या दारावरून ही लाट निघून जाणार हे उघड होते. प्रसिद्धी ही पावसासारखी असते. ज्याने बांध घालून ठेवले आहेत, त्याच्याच शेतात पाणी टिकते. समाजमाध्यमांवरील नियमित काम म्हणजे हे बांध घालण्याचे काम होय.

कोणते साधन कशासाठी

समाजमाध्यम आणि ऑनलाइन दुकान या दोन भिन्न गोष्टी आहेत. विक्रीच्या व्यवहारात चार पायऱ्या असतात: ग्राहकाचे लक्ष जाणे, त्याची खात्री पटणे, सौदा ठरणे आणि माल पोहोचणे. समाजमाध्यमे प्रामुख्याने पहिल्या दोन पायऱ्यांसाठी उपयोगी पडतात. पुढील दोन पायऱ्यांसाठी देयक-व्यवस्था, बांधणी व टपाल यांची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते.

इन्स्टाग्राम व यूट्यूब ही दृश्यप्रधान साधने आहेत. अपरिचित माणसापर्यंत पोहोचण्यास ती सोयीची असतात. त्यांवरील चित्रफिती कोणाला दाखवायच्या हे संगणकीय पद्धतीने ठरते, आणि ती पद्धत प्रेक्षकाने काय किती वेळ पाहिले, काय जतन केले, काय इतरांना पाठविले यांवरून त्याची आवड ओळखते. त्यामुळे नवख्या कारागिराचीही एखादी उत्तम चित्रफीत हजारोंपर्यंत जाऊ शकते. तसे प्रत्येक वेळी घडेलच असे मात्र नाही. फेसबुकवर गावाचे, जिल्ह्याचे किंवा विशिष्ट आवडीचे गट असतात. परगावी स्थायिक झालेला मराठी माणूस तेथे हमखास भेटतो. व्हॉट्सॲप हे ओळखीच्या ग्राहकाशी संवादाचे साधन आहे. २०१८ पासून उपलब्ध असलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या विनामूल्य ॲपमध्ये व्यवसायाची माहिती, मालाची किमतीसह सूची आणि नेहमीच्या प्रश्नांची तयार उत्तरे ठेवता येतात. त्यावरून एकाच वेळी अनेकांना संदेश पाठविण्याची सोय आहे. परंतु ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच असा संदेश मिळतो. ग्राहकाला क्रमांक जतन करण्यास आवर्जून सांगणे, ही लहानशी गोष्ट त्यामुळे मोलाची ठरते.

चारही माध्यमांवर एकदम खाती उघडण्याची घाई करू नये. एक दाखविण्याचे व एक बोलण्याचे, अशी दोनच साधने निवडून ती वर्षभर नेटाने चालविणे अधिक फलदायी होते.

काय दाखवावे, कसे सांगावे

दुकानात ग्राहक वस्तू हातात घेतो, वास घेतो, वाकवून पाहतो. पडद्यावर या क्रिया शक्य नसतात. म्हणून हाताचे काम छायाचित्राने व शब्दांनी करावे लागते. त्यासाठी महाग कॅमेऱ्याची आवश्यकता नाही. सकाळच्या वा उतरत्या दुपारच्या सावलीतील प्रकाश, मागे एकरंगी कापड किंवा स्वच्छ फरशी, आणि एकाच वस्तूची समोरून, बाजूने, तळाकडून व पायात घातलेली अशी चार छायाचित्रे एवढे पुरे होते. रंग अधिक उठावदार दिसावा म्हणून छायाचित्रात फेरफार करणे टाळावे. तसे केल्यास ग्राहकाला मिळणारी चप्पल वेगळी दिसते आणि परत येते.

वर्णनात कातड्याचा प्रकार, तळाची जाडी, वजन, शिवणीची पद्धत, तयार करण्यास लागणारे दिवस, किंमत, टपालखर्च आणि परत घेण्याच्या अटी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. "किंमत खासगी संदेशात विचारावी" अशी पद्धत अनेक विक्रेते वापरतात. तिच्यामुळे गंभीर ग्राहक निघून जातो व संशय वाढतो. नवी कोल्हापुरी चप्पल आरंभी पायाला कठीण लागते आणि वापराने मऊ होते, ती पाण्यात भिजवू नये, अधूनमधून तेलाचा हात द्यावा, हे आधीच सांगावे. वस्तूची मर्यादा सांगणारा विक्रेता अधिक विश्वासार्ह वाटतो, हा सर्व काळचा अनुभव आहे.

चित्रफितीसाठी कारागिराजवळ जे भांडवल आहे, ते यंत्राच्या मालकाजवळ नाही. रापीने कातडे कापणे, आरीने भोके पाडणे, वेणी विणणे, तळ ठोकणे या क्रिया मुळातच प्रेक्षणीय आहेत. त्या पाहिल्यावर ग्राहकाला किमतीचे कारण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अशा अर्ध्या-एक मिनिटाच्या चित्रफितीत अस्सल चप्पल कशी ओळखावी हे दाखविल्यास ती जाहिरात न राहता ग्राहक-शिक्षण होते. भाषा साधी मराठी असावी. परप्रांतीय ग्राहकासाठी हिंदी वा इंग्रजीत दोन ओळी जोडाव्यात. उसन्या गाण्यांपेक्षा कामाचा नैसर्गिक आवाज पुष्कळदा अधिक परिणामकारक होतो, शिवाय दुसऱ्याच्या संगीताच्या हक्कांचा प्रश्नही उद्भवत नाही.

हिशेब मांडूनच निर्णय

मध्यस्थ टाळला की त्याचा सर्व नफा आपला, अशी एक समजूत आहे. एका काल्पनिक उदाहरणाने ती तपासून पाहता येईल. समजा, एक जोड व्यापाऱ्याला ७०० रुपयांना जातो आणि थेट ग्राहकाला १,२०० रुपयांना विकता येतो. दहा जोड पाठविले. बांधणी प्रत्येकी ४० रुपये, टपाल प्रत्येकी ९० रुपये आणि समाजमाध्यमावरील सशुल्क जाहिरात एकूण ६०० रुपये. त्यांपैकी एक जोड माप न जुळल्याने परत आला आणि त्याचा परतीचा खर्च ९० रुपये विक्रेत्याने सोसला. नऊ जोडांचे १०,८०० रुपये आले. बांधणीचे ४००, पाठवणीचे ९००, परतीचे ९० व जाहिरातीचे ६०० असा १,९९० रुपये खर्च वजा जाता ८,८१० रुपये उरले. हेच नऊ जोड व्यापाऱ्याला दिले असते तर ६,३०० रुपये मिळाले असते. म्हणजे २,५१० रुपयांचा, जोडामागे सुमारे २७९ रुपयांचा लाभ झाला.

आता एकाऐवजी तीन जोड परत आले असे धरू. सात जोडांचे ८,४०० रुपये येतील. खर्च २,१७० रुपये होईल आणि ६,२३० रुपये उरतील. व्यापाऱ्याकडून सात जोडांचे ४,९०० रुपये मिळाले असते. लाभ १,३३० रुपयांवर येतो, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो. यात फोनवर उत्तरे देण्यात, बांधणीत व टपाल कार्यालयात गेलेला वेळ धरलेलाच नाही.

या हिशेबातून दोन निष्कर्ष निघतात. थेट विक्रीत लाभ आहे, परंतु पाचशे रुपयांचा फरक पूर्णपणे कारागिराच्या पदरात पडत नाही. आणि जाहिरातीवर अधिक पैसे ओतण्यापूर्वी परतीचे प्रमाण कमी करणे अधिक किफायतशीर आहे. ग्राहकाला कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये कळविण्यास सांगणे, एवढ्या एका सवयीने परत येणाऱ्या जोडांची संख्या घटू शकते. सशुल्क जाहिरात द्यावयाची झाल्यास प्रदेश, वयोगट व रोजची खर्चमर्यादा निवडण्याची सोय असते. लहान रकमेने आरंभ करून, किती चौकशा आल्या व त्यांतून किती सौदे झाले याची वहीत नोंद ठेवावी. पसंतीच्या खुणा आणि अनुयायांची संख्या यांवरून यश मोजू नये. त्यांनी घरखर्च चालत नाही.

विश्वास आणि कायदा

दूरच्या ग्राहकाचा विश्वास हा या व्यापाराचा पाया आहे. भौगोलिक मानांकनाचा उपयोग येथेच होतो. मानांकन मिळालेल्या वस्तूचा प्रत्येक उत्पादक त्या कायद्याखाली 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करू शकतो. अशी नोंदणी झालेल्या कारागिराने तिचा उल्लेख आपल्या खात्यावर ठळकपणे करावा. महामंडळाने अस्सल कोल्हापुरी चपलेसाठी क्यूआर कोडची योजनाही आखली आहे. त्यामुळे ग्राहकाला कारागिराचे नाव, ठिकाण व घडणीची माहिती फोनवर पाहता येते. हापूस आंब्याला २०१८ मध्ये मिळालेले मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांना लागू आहे. तेथील बागायतदारांनाही हाच मार्ग उपलब्ध आहे. मानांकनाचे नाव अनधिकृतपणे वापरणे हा कायद्याने दंडनीय गुन्हा आहे.

व्यवसाय म्हणून समाजमाध्यमावर विक्री करणाराही कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम, २०२० यांतील तत्त्वे त्याने जाणून घेतली पाहिजेत. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून खोटे अभिप्राय लिहू नयेत. माल सदोष असल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास तो परत घेण्यास नकार देऊ नये. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत व त्यानंतर ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. मोबदला घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्या व्यक्तीने तो संबंध उघड केला पाहिजे, असे २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तेव्हा एखाद्या लोकप्रिय व्यक्तीला फुकट चप्पल देऊन तिची स्तुती करवून घेताना हे पथ्य पाळावे.

लोणची, पापड, मसाले अशा खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी आवश्यक आहे. बंद पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता इत्यादी तपशील छापावे लागतात. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत महाराष्ट्रात राज्यांतर्गत माल-विक्रीसाठी वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा लहान विक्रेत्यांना काही अटींवर ऑनलाइन बाजारपेठांमधून राज्यांतर्गत विक्री करण्याचीही मुभा मिळाली. परराज्यात माल पाठविण्याचे नियम वेगळे आहेत. तसा सौदा घेण्यापूर्वी करसल्लागाराचे मार्गदर्शन घेणे श्रेयस्कर.

फसवणूक व परावलंबन

ग्राहकाप्रमाणे विक्रेत्याचीही फसवणूक होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. पैसे भरल्याचे बनावट छायाचित्र पाठवून माल मागविणे, "चुकून जास्त रक्कम पाठविली, उरलेली परत करा" अशी बतावणी करणे, मोठ्या मागणीचे आमिष दाखवून क्यूआर कोड उघडावयास लावणे हे नेहमीचे प्रकार आहेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही, हे एक वाक्य प्रत्येक बचतगटाच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहे. रक्कम जमा झाल्याची खात्री बँकेच्या खात्यावरूनच करावी. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर होते, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. ग्राहकांना तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक उपलब्ध आहे.

दुसरा धोका परावलंबनाचा आहे. समाजमाध्यमावरील खाते ही भाड्याची जागा असते, स्वतःची नव्हे. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा त्या माध्यमावर लोकप्रिय झालेल्या असंख्य ग्रामीण कलावंतांचा व विक्रेत्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. बंदी न येताही नियम बदलतात, खाती चोरीस जातात, पोहोच घटते. यासाठी ग्राहकाची नावे, क्रमांक, माप व पूर्वीची खरेदी यांची नोंद स्वतःजवळ ठेवावी. ती त्यांच्या संमतीने ठेवावी आणि इतरांना देऊ नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. खात्यासाठी द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी आणि गटाचे खाते असल्यास त्याचा परवलीचा शब्द एकाच तरुणाच्या हाती ठेवू नये. तो नोकरीनिमित्त परगावी गेला की खातेही त्याच्याबरोबर जाते. व्यापाऱ्याशी असलेला जुना संबंधही एकदम तोडू नये. सणासुदीला थेट विक्री आणि मंदीत घाऊक विक्री, अशा दोन पायांवर व्यवसाय अधिक स्थिर उभा राहतो.

पंचायत, शाळा व शासकीय यंत्रणा

या कामात स्थानिक संस्थांना पुष्कळ वाव आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांसह १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, १५,००० रुपयांपर्यंत अवजारांसाठी साहाय्य, दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज आणि विपणनासाठी मदत यांची तरतूद आहे. ग्रामीण भागातील अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीच्या पातळीवर होते. हे अर्ज पंचायतीत पडून राहिले, तर विपणन-मदतीची वाटच बंद होते, याची जाणीव सरपंच व ग्रामसेवक यांनी ठेवावी.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील कारागिरांची व बचतगटांची, मालाचे स्वरूप, दरमहा उत्पादनक्षमता व नोंदणी-परवाने यांसह एक सूची तयार करावी. एखाद्या सार्वजनिक खोलीत चांगल्या उजेडाची जागा, पांढरे कापड, मोजपट्टी आणि वजनकाटा ठेवला, तर तेच गावाचे छायाचित्र-केंद्र होऊ शकते. त्याचा खर्च एका फलकापेक्षा अधिक येणार नाही. टपाल खात्याने २०२२ पासून सुरू केलेल्या डाकघर निर्यात केंद्रांमुळे परदेशी ग्राहकाला पार्सल पाठविणेही सुलभ झाले आहे. जवळचे केंद्र कोठे आहे याची माहिती पंचायतीच्या सूचनाफलकावर असावी. महिला आर्थिक विकास महामंडळ व राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांच्या कार्यकर्त्यांनी प्रशिक्षणात खाते उघडण्यावर न थांबता पहिले पाच सौदे पूर्ण होईपर्यंत गटाला साथ द्यावी. खरे शिक्षण तेथेच होते.

शिक्षकांनाही या विषयात एक चांगला उपक्रम मिळू शकेल. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी गावातील एकेका वस्तूचे शंभर शब्दांत अचूक वर्णन लिहावे, तिची मापे घ्यावीत, किमतीचा हिशेब मांडावा. भाषा, गणित व परिसर-अभ्यास यांचा मेळ त्यात आपोआप साधतो. अतिशयोक्ती न करता वर्णन कसे करावे, हा धडा तर मोठ्यांनाही उपयोगी आहे. प्रत्यक्ष खाती मात्र प्रौढांच्याच नावाने व देखरेखीखाली असावीत.

उपसंहार

कोल्हापुरी चप्पल मिलानला पोहोचली, त्या बातमीने महाराष्ट्राला अभिमान वाटला. परंतु तळ ठोकणाऱ्या व वेणी विणणाऱ्या घरात प्रत्येक जोडामागे चार पैसे अधिक येतील, तेव्हाच त्या अभिमानाला अर्थ प्राप्त होईल. तरुण पिढी हा व्यवसाय पुढे चालविणार की सोडून देणार, हेही बव्हंशी त्यावरच अवलंबून आहे. खरे वर्णन, अचूक माप, वेळेवर पाठवणी आणि चोख हिशेब ही चार पथ्ये पाळणाऱ्या कारागिराला समाजमाध्यमे एक नवी वाट खुली करून देतात. त्या वाटेवरील पहिली काही पावले टाकताना गावातील पंचायत, शाळा व शासकीय कर्मचारी यांचा हात त्याच्या पाठीवर असणे अगत्याचे आहे.